मुंग्यांनी काय उचललं

नदी जिथे दोन धारांत फुटते आणि पुढे पुन्हा एक होते, तिथे मधल्या बेटावर पूर्वी एक गाव होतं. पूर्वी म्हणजे किती पूर्वी ते मला माहीत नाही, आणि त्यानं गोष्टीत फरकही पडत नाही. गावात पाटील होता, कोळी होते, चार घरं कुंभारांची होती आणि एक घर मुंग्या पाळणाऱ्याचं होतं. या गोष्टीत नाव फक्त एका मुलीला आहे. बाकीच्यांना मी मुद्दामच नावं दिलेली नाहीत.

मुंग्या कुणी पाळतं का, असं तुम्ही म्हणाल. या गावात पाळत. बेटावरून पलीकडच्या टेकडीवर जायला एकच वाट होती, पाण्यात टाकलेल्या मोठमोठ्या दगडांची. नदी जरा चढली की ती वाट बुडायची. आणि ही नदी मोठी लबाड. गावावर लख्ख ऊन पडलेलं असायचं, वर घाटात पाऊस कोसळत असायचा, आणि दुपारपर्यंत पाणी दारात यायचं. म्हणून गावाला पूर अर्धा दिवस आधी कळायला हवा असे. ते काम मुंग्यांचं.

मुंग्या पाळणाऱ्याच्या घरात एक मोठा रांजण जमिनीत निम्मा पुरलेला होता. त्यात नदीकाठची माती आणि मातीत काळ्या मुंग्यांची वस्ती. पूर येणार असला की मुंग्या पांढरी अंडी तोंडात धरून भराभर रांजणाच्या काठावर येत. त्यांना कसं कळायचं ते मला विचारू नका, खालून ओल चढत असेल. अंडी वर आली की मुंग्या पाळणारा, म्हणजे त्यांचा राखणदार, शिंग फुंकायचा आणि सगळं गाव गुराढोरांसकट टेकडीवर जायचं. रोज सकाळी लोक त्याच्या दारावरून जाताना विचारत, "मुंग्या काय म्हणत्यात?" तो म्हणायचा, "शांत हायत." मग कोळी जाळी घेऊन निघत आणि बाया धुणं घेऊन घाटावर जात.

वस्तीच्या तळाशी, अंधारात, अंडी घालणारी एकच मोठी मुंगी असे. शिकलेली माणसं तिला राणी म्हणतात. गावातली माणसं तिला आई म्हणत.

म्हातारा राखणदार आजारी पडला, तेव्हा त्यानं मुलाला जवळ बोलावलं. मुलगा हुशार होता. शहरात राहून कंदिलाच्या काचा करायला शिकून आला होता. त्याच्या हाताला सफाई होती आणि ती लोकांनी बघावी अशी त्याची इच्छाही होती.

म्हातारा म्हणाला, "रांजन कधी फुटाया आला, तर मुंग्यास्नी हात लावू नगंस. शेजारी नवा रांजन ठेव. त्यात ओली माती घाल, वर काळं फडकं टाक. जुन्याचं झाकान काढ, त्याच्यात ऊन येऊ दे. मधी एक काठी टाक आन् गप बस. त्यांची त्या जात्यात."

"किती दिवसांत जात्यात?"

"त्यास्नी वाटंल तवा."

हे उत्तर मुलाला काही पटलं नाही. पण मरणाऱ्या बापाशी वाद कोण घालतो? त्यानं मान डोलावली. चार दिवसांनी म्हातारा गेला आणि मुलगा राखणदार झाला.

पुढच्याच वैशाखात रांजणाला तडा गेला. माती गळू लागली. पावसाच्या आत वस्ती हलवायला हवी होती, यात राखणदाराची काही चूक नव्हती. चूक पुढे झाली. कुंभाराकडून नवा रांजण आणायचा सोडून तो पाटलाकडे गेला आणि म्हणाला, "पाटील, मी काचेचं घर करतो मुंग्यांना. चावडीत ठिवू. सगळ्या गावाला बसल्या जागी दिसंल."

पाटलाला कल्पना फार आवडली. शेजारच्या एकाही गावाकडे असलं काही नव्हतं. त्यानं लगेच ज्येष्ठातला पहिला सोमवार ठरवला आणि पाच गावांच्या पाटलांना जेवणाचं आमंत्रणही धाडलं. मुंग्यांना कुणी विचारलं नाही.

राखणदारानं पंधरा दिवस खपून पेटी केली. कमरेइतकी उंच, चारही बाजूंनी स्वच्छ काच, कोपऱ्यांना पितळेच्या पट्ट्या, वर आणि खाली बारीक जाळी. खालून ओल लागावी म्हणून ती चावडीच्या जमिनीत वीतभर रोवली. खरंच देखणी पेटी होती, उगाच नावं कशाला ठेवा? मग घरातला फुटका रांजण खणून काढून चौघांनी चावडीत आणला, पेटीशेजारी ठेवला आणि मधे काठी टाकली.

एक दिवस गेला, दोन दिवस गेले. चार-सहा मुंग्या काठीवरून पेटीत जाऊन यायच्या, मिशा हलवायच्या आणि परत रांजणात शिरायच्या.

राखणदाराची बायको म्हणाली, "आवं, काचंवर काळं फडकं टाका की. त्यास्नी उजेड सोसत न्हाई. मामंजी काय म्हणालं हुतं?"

"फडकं टाकल्यावर लोकांनी बघायचं काय? फडकं?"

त्यांची आठ वर्षांची मुलगी तिथेच गुळाचा खडा घेऊन बसली होती. तिचं नाव सगुणी. रोज मुंग्यांना गूळ घालायचं काम तिचं होतं, आणि म्हातारा असताना ती त्याच्या मांडीवर बसून तासन्‌तास रांजणात बघत असे. ती म्हणाली, "आबा, आईला अंधारच लागतो. आजा सांगायचा."

"आजानं काच बघितली हुती का कधी?" तो हसून म्हणाला, आणि काच पुन्हा एकदा पुसली.

सोमवार उजाडला तरी मुंग्या रांजणातच होत्या. पाहुणे सांडग्या-पापडांसकट जेवून चावडीकडे निघाल्याची वर्दी आली.  राखणदारानं दार लोटून घेतलं, काठी उचलली आणि तड्यावर तीन दणके घातले. रांजण फुटला. माती, मुंग्या, अंडी, सगळं एकदम खाली आलं. त्यानं खापरीनं ते भराभर ओरबाडून पेटीत लोटलं आणि वरची जाळी बसवली.

शेवटच्या ढिगात त्याला आई दिसली. रांजणाचं एक खापर तिच्यावर पडलं होतं. एका अंगाचे पाय तुटले होते आणि पोट दबलं होतं. त्यानं तिला चिमटीत उचलून हळूच पेटीत सोडलं. ती थोडी हलली. तेवढ्यात दार उघडलं आणि पाच गावांचे पाटील आत आले.

पेटीत हजारो मुंग्या सैरावैरा धावत होत्या. काचेतून त्या इतक्या स्पष्ट दिसत होत्या की पाहुण्यांनी तोंडात बोटं घातली. पाटलानं राखणदाराच्या खांद्यावर शेला घातला. "ह्याच्या बापानं मुंग्या मातीत ठेवल्या, ह्यानं म्हालात ठेवल्या," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला, आणि राखणदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की भीतीचं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी आई हलायची थांबली.

राखणदारानं काचेला नाक लावून पाहिलं. मुंग्या तिच्याभोवती गोळा होऊन तिला चाटत होत्या, तोंडाशी घास नेत होत्या. मेलेल्या माणसाला घरचे जसे हाका मारत राहतात, तसं ते चाललं होतं. त्याला दिसलं, आणि त्याला सगळं कळलंही. आई नाही म्हणजे नवी अंडी नाहीत. आहेत तेवढी फुटून त्यांच्या मुंग्या होतील आणि मग संपलं. अंडीच नसतील तर पूर येताना मुंग्या उचलतील काय?

आता इथे जरा थांबा. कारण अजून काहीच बिघडलं नव्हतं. मुंग्या पाळायच्या आधी, पणज्यांच्या काळात, गावातले दोन जण पावसाळाभर बेटाच्या वर, नदीच्या वरच्या धारेच्या खडकावर शिंग घेऊन बसत आणि पाणी बघत. काम कंटाळवाणं, पण अवघड मुळीच नव्हतं. राखणदारानं चावडीत जाऊन एवढंच म्हटलं असतं की माझ्या हातून आई मेली, तर लोक दोन दिवस त्याच्यावर ओरडले असते आणि तिसऱ्या दिवशी खडकावर माणसं बसली असती.

तो निघालाही होता सांगायला. पाटलाच्या ओसरीवर पोहोचला. पाटील पान जुळवत बसला होता. त्याला बघून म्हणाला, "ये, ये! अरं, पलीकडच्या पाटलाचा निरोप आलाय. त्याला बी तसलीच पेटी पायजे. नाव काढलंस गावाचं. बोल, काय काम काढलंस?"

राखणदार म्हणाला, "काय न्हाई. सहज आलो हुतो."

आणि तो परत फिरला. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं.

उद्या पाऊस सुरू झाला. परवा कोळ्याच्या घरी लग्न होतं. मग आषाढ आला आणि शेवटचं अंडं फुटून त्याची मुंगी झाली. आता सांगितलं तर लोक विचारणार, इतके दिवस काय करत होतास? दिवस जितके जात होते तितकं सांगणं जड होत होतं. रोज सकाळी लोक चावडीत डोकावून विचारत, "मुंग्या काय म्हणत्यात?" तो म्हणे, "शांत हायत." आणि गंमत अशी, ते अगदी खरं होतं. मुंग्या शांतच होत्या.

एक दिवस बायकोनं विचारलं, "आवं, अंडी कुटं दिसंनात?"

"खाली असतील. अंधारात."

त्याच दिवशी त्यानं पेटीवर काळं फडकं टाकलं. लोकांना सांगितलं, "पावसाळ्यात त्यास्नी उजेड सोसत न्हाई."  जे फडकं मुंग्यांना हवं होतं तेव्हा मिळालं नाही, ते आता त्याच्यासाठी आलं होतं. बायकोनं पुढे विचारलं नाही. तिनं विचारायला हवं होतं, असं ती पुढे जन्मभर म्हणत राहिली.

श्रावणात रोज दहावीस मुंग्या मरू लागल्या. तो त्या गुपचूप झाडून बाहेर टाकी. भाद्रपद लागला तेव्हा हजारांतल्या चाळीस-पन्नास उरल्या होत्या. आई वाळून काडीसारखी झाली होती. तरी त्या तिला सोडत नव्हत्या.

भाद्रपदातली ती सकाळ फार छान होती, असं सगळे सांगतात. आभाळ निळं, ऊन कोवळं. पण एक म्हातारा कोळी घाटावरून जाळं न टाकताच परत आला. चावडीपुढे लोक जमले होते. तो म्हणाला, "पाण्याला कुजल्या पाल्याचा वास येतोय. फेस बी दिसतोय. मला बरं वाटंना."

सगळ्यांनी राखणदाराकडे पाहिलं. पाटील म्हणाला, "मुंग्या काय म्हणत्यात?"

राखणदार आत गेला. त्यानं फडक्याचा कोपरा उचलला.

पेटीतल्या सगळ्या मुंग्या काचेवर होत्या, फडक्याखाली रात्रीपासूनच चढत असाव्यात. त्यांनी मेलेल्या आईला तोंडांत धरलं होतं आणि तिला वर ओढत होत्या. काच गुळगुळीत. वीतभर चढत, घसरून खाली पडत आणि पुन्हा तिला उचलून चढायला लागत. त्यातल्या काही वरच्या जाळीला जाऊन पोहोचल्या होत्या आणि खालच्यांना ओढून घेत होत्या. उचलायला अंडं नव्हतं, म्हणून जे होतं ते त्यांनी उचललं होतं.

त्याला कळलं नाही असं नाही. लहान पोरालाही कळलं असतं. पण हे बाहेर जाऊन सांगायचं, तर लोक आत येऊन बघणार. बघितलं की आई मेलेली दिसणार, आणि ती कधीची मेलीय हेही दिसणार. त्याच्या खांद्यावर पाटलानं घातलेला शेला होता.

कदाचित पाणी एवढं चढणारही नाही, असं तो स्वतःशी म्हणाला. त्यानं फडकं खाली सोडलं आणि बाहेर आला.

"शांत हायत," तो म्हणाला.

लोक हसले. म्हाताऱ्या कोळ्याची कुणीतरी थट्टा केली. माणसं आपापल्या वाटेला लागली. कुंभारांची पोरं टोपल्या घेऊन बेटाच्या खालच्या टोकाला लव्हाळं आणायला निघाली होती, तिथे जमीन पाण्याच्या बरोबरीला येते. सगुणीनं बापाचा हात धरला.

"आबा, मी बी जाऊ खालच्या अंगाला? सगळी चाललीत."

सगळं गाव बघत होतं. आता हिला नको म्हटलं तर का नको, ते सांगावं लागलं असतं.

"जा," तो म्हणाला. "लवकर ये."

ती पळत गेली.

तो चावडीच्या पायरीवर बसला. थोडा वेळ बसला असेल नसेल, त्याला बसवेना. तो उठला, शिंग घेतलं आणि जिवाच्या आकांतानं फुंकू लागला. लोक गोंधळले. आत्ताच तर शांत आहेत म्हणाला होता. कुणी धावले, कुणी भांडी आवरायला घरात शिरले, कुणी त्यालाच विचारायला परत आले, त्यात वेळ गेला. तो शिंग टाकून खालच्या टोकाकडे पळाला, "सगुणे! सगुणे!" असं ओरडत. तोवर पाणी आलं होतं. लव्हाळं दिसत नव्हतं. दगडांची वाटही दिसत नव्हती.

सोळा माणसं गेली. त्यात सात मुलं होती. सगुणी त्या सातांतली एक.

तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. उरलेलं गाव टेकडीवरून खाली आलं. चावडीची भिंत पडली होती, पण पेटी जागच्या जागी उभी होती. काचेला साधा ओरखडाही नव्हता. काम चोखच होतं त्याचं. आत गाळ भरला होता आणि वर, जाळीला चिकटून, मुंग्यांचा एक छोटा काळा गोळा होता. सगळ्या मेलेल्या होत्या. मधोमध वाळलेली आई होती.

राखणदाराच्या बायकोनं तो गोळा पाहिला आणि नवऱ्याकडे वळून विचारलं, "त्या सकाळी तुमी फडकं उचललं, तवा ह्या वर चढत हुत्या का?"

सगळं गाव उभं होतं. तो अजूनही खोटं बोलू शकला असता, विचारायला आता कुणी मुंगी जिवंत नव्हती. तो म्हणाला, "व्हय."

"आन् आई कधी मेली?"

"पेटीत घातली त्याच्या चौथ्या दिवशी."

तीन महिने जी दोन वाक्यं तोंडाबाहेर पडली नव्हती, ती एवढीच होती. म्हणायला किती वेळ लागला? एक श्वासही पुरा लागला नाही.

गावानं त्याला मारलं नाही की हाकललं नाही. कुणी त्याच्याशी बोललं मात्र नाही. पुढच्या पावसाळ्यापासून तो वरच्या धारेच्या खडकावर एकटा बसू लागला, मांडीवर शिंग घेऊन, उन्हात आणि पावसात. म्हातारा होईपर्यंत बसला. त्यानं नऊ वेळा शिंग फुंकलं आणि नऊही वेळा सगळं गाव वाचलं. खाली आल्यावर तो कुणाचे आभार घ्यायला थांबत नसे.

नव्या मुंग्या त्याच्या बायकोनं आणल्या. पहिल्या पावसानंतर पंख गळालेली एक मोठी मुंगी, म्हणजे नव्या वस्तीची होणारी आई, तिला मातीवर फिरताना सापडली. ती तिनं ओली माती भरलेल्या बोळक्यात ठेवली, बोळक्यावर काळं फडकं बांधलं आणि वाट बघितली. बोळकं पुरेनासं व्हायला दोन वर्षं लागली. मग तिनं शेजारी नवा रांजण ठेवला, मधे काठी टाकली, बोळक्याचं फडकं काढून त्याच्यावर ऊन येऊ दिलं आणि गप्प बसली. अठरा दिवस काही झालं नाही. एकोणिसाव्या दिवशी पहाटे मुंग्यांची रांग लागली आणि मधे आई स्वतःच्या पायांनी चालत गेली. त्या बाईनं एक बोटही लावलं नाही. ती फक्त रडत होती.

तेव्हापासून त्या गावात सकाळचा प्रश्न बदलला. मुंग्या काय म्हणत्यात, असं कुणी विचारत नाही. विचारतात, "अंडी दिसली का?" राखणदारीण रांजणावरचं फडकं सारते आणि विचारणाऱ्याला म्हणते, "ये, तूच बघ." बघितल्याशिवाय कुणी पुढे जात नाही, आणि मुलांना आधी बघू देतात.

या गोष्टीचं तात्पर्य मुलांना सांगताना ती बाई एवढंच सांगायची: हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी फक्त बोलणी खावी लागतात.